स्वतः धरलेलं, स्वतः पिकवलेलं: ठाण्यात किंवा नवी मुंबईत कितपत जमतं?

घोडबंदरी
माझं म्हणणं आधी सांगतो, मग प्रश्न. आमच्या घरी आठवड्यातून तीनदा मासे होतात. ते साफ करून, तुकडे पाडून, बर्फाच्या डब्यातून दारात येतात. भाजी कुठली असं विचारलं तर भाजीवाला म्हणतो, "वाशी मार्केटची." त्याच्या मागे काय ते त्यालाही ठाऊक नाही. बाल्कनीतून एका बाजूला खाडी दिसते, दुसऱ्या बाजूला येऊरचा डोंगर. एवढं पाणी आणि एवढी माती समोर असून ताटातला एक घास तिथून येत नाही, हे मला खटकतं.

मला शेतकरी व्हायचं नाही आणि पैसेही वाचवायचे नाहीत. महिन्यातून एक जेवण असं हवं की त्यातला मासा कुठल्या पाण्यातला आणि भाजी कुठल्या मातीतली हे छातीठोकपणे सांगता यावं. जमल्यास मासा मी धरलेला, भाजी मी लावलेली. इथे कोणी असं करतं का? गळ कुठे टाकता? कुंडीत खरोखर काय येतं? आणि खाडीतलं खावं का? बायकोच्या मते हे सगळं पोट भरलेल्या माणसाचं खूळ आहे. त्या बाजूनेही लिहा, तिला वाचायला देईन.

पोटोबा
वहिनींशी सहमत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मका मी लावलेला नाही.

नेरुळची_नलू
मी गेली काही वर्षं गच्चीवर भाजी लावते, म्हणून भाजीपुरतं लिहिते.

पहिली अडचण सोसायटी. "गळती होईल, स्लॅबवर वजन येईल" हे ऐकायची तयारी ठेवा. त्यात तथ्यही आहे, ओली माती भयंकर जड असते. म्हणून मी माती कमीत कमी वापरते. रसवंतीवाला उसाची चिपाडं फुकट देतो, त्याला ती टाकायलाच जायचं असतं. ती वाळवून पिशवीत निम्म्याच्या वर भरायची, मध्ये पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातलं खत, वर बोट-दोन बोटं माती. जुन्या लोकांना श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार आठवत असेल. काडीकचऱ्यातून माती आपण तयार करायची, हा धडा तिथला. चिपाडं कुजून खाली बसतात, वर पुन्हा भर घालायची. पिशवी एका हाताने सरकवता येते, त्यामुळे सेक्रेटरीही गप्प.

आता मृग लागतोय तर भेंडी, शिराळी, काकडी, लाल माठ आणि अळू लावा. पालक, मेथी, कोथिंबीर आत्ता लावू नका, पावसाच्या माराने कुजतात. ती नवरात्रानंतर. टोमॅटोही तेव्हाच.

आणि दुधी लावणाऱ्यांसाठी: बोटाएवढा दुधी धरतो, पिवळा पडतो, गळतो, अशी तक्रार सगळे करतात. खतात काही चूक नसते, परागीभवन झालेलं नसतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री त्यावर पतंग येतात. उंच मजल्यावर ते फिरकत नाहीत. तेव्हा दिवेलागणीला वर जा. ज्या फुलामागे इवलासा दुधी आहे ते मादी फूल, नुसत्या लांब देठावरचं ते नर. नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलावर हलकेच टेकवायचं. शिराळ्यालाही संध्याकाळच, काकडी आणि कारल्याला मात्र सकाळ. माझे यजमान याला "संध्याकाळची ड्यूटी" म्हणतात, पण दुधी भोपळ्याचं भरीत मागून मागून खातात.

वर्तकनगरकर
नलूताई, तुमच्याकडे माकडं नाहीत वाटतं. आमच्याकडे उपवनच्या बाजूने टोळी येते. त्यांना शेती कळते. काकडी कोवळी असताना हात लावत नाहीत, मी उद्या काढू म्हटलं की आज येतात. आता फक्त अळू, मिरची, गवती चहा आणि कढीपत्ता लावतो. यांच्या वाटेला जात नाहीत.

पोटोबा
म्हणजे घोडबंदरींचं महिन्याचं जेवण: अळूचं फदफदं आणि गवती चहा. खूळ स्वस्तात सुटलं.

गळटाक्या
माशांबद्दल. ठाणे तलावांचं शहर, त्यामुळे सुरुवात खाडीपेक्षा तलावावर सोपी. पण तलाव ठेक्याने दिलेला असेल तर ठेकेदाराला आधी विचारा. त्याने बीज सोडलेलं असतं, रोहू-कटल्यावर त्याचा पैसा लागलेला असतो. न विचारता गळ टाकला तर तो चिडणारच, आणि त्याचं बरोबर आहे. चिलापीला (तिलापिया) बहुतेक कोणी नाही म्हणत नाही. ही मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणली, आणि आता काढून संपत नाही. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून इतकी माजते. तेव्हा मनात काही न आणता धरा.

बारीक गळ, हलकी दोरी, कणकेची गोळी किंवा गांडूळ. कणकेत थोडा कापूस कुस्करून घाला, गोळी पाण्यात सुटत नाही. किनाऱ्याजवळ झाडाच्या सावलीत टाका. मोठं साहित्य घेऊ नका, दुकानदार देईल.

आणि खरं सांगू का, मासा लागणं हा सोपा भाग आहे. तो हातात तडफडायला लागला की पुढे काय करायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्याबरोबर आलेले अर्धेअधिक लोक तिथेच गळतात. सोडून देतात, घरी जाऊन चिकन मागवतात.

शुद्ध_शाकाहारी_शरद
ते सोडून देणारे माझे लोक आहेत. फक्त चिकन का मागवतात कळत नाही.

निवृत्त_केमिस्ट
नोकरीची बरीच वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेली, म्हणून खाडीच्या प्रश्नाला उत्तर देतो. हा औद्योगिक पट्टा साठच्या दशकापासूनचा. त्याचं सांडपाणी आणि दोन्ही काठांच्या शहरांचं मैलापाणी याच खाडीने पोटात घेतलं. खाडी २६ किलोमीटरच्या आसपास लांब, आणि ठाण्याच्या टोकाला ती इतकी अरुंद आहे की भरतीचं पाणी येतं, पण घाण धुऊन नेण्याइतकं जोरात परतत नाही. समुद्राच्या बाजूला परिस्थिती बरी.

उकळल्याने जंतू मरतात, जड धातू जात नाहीत. ते गाळात बसतात आणि गाळातल्या जिवांच्या अंगात साठतात. सगळ्यात जपावं ते कालवं आणि शिंपल्यांपासून, कारण त्यांचं खाणं म्हणजेच पाणी गाळणं. पाण्यात जे असेल ते त्यांच्यात येणार. तरणारा मासा कधीमधी खाल्ला तर मी घाबरणार नाही, पण डोकं, कल्ले, आतडी काढून टाकीन. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना वरच्या खाडीतलं देणार नाही.

रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर होणाऱ्या पालकाबद्दलही हेच.

दिवाळ्याची_बाय
केमिस्टकाका, तुमचं खोटं नाही. पण "खाडी" म्हटलं की सगळे एकच पाणी समजतात. आमचं दिवाळे पनवेल खाडीच्या अंगाला, इथून बोटी बाहेर जातात. आम्ही रोज खातो. कुठल्या नाल्याच्या तोंडाशी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा नाही, कुठल्या पाण्याला वास आहे, हे आम्हाला नकाशाशिवाय कळतं. चिंबोरीचं कवच काळवंडलेलं दिसलं तर आम्हीच विकत नाही.

घोडबंदरी दादा, आधी भरती-ओहोटी शिका. गळ नंतर. मोबाईल नको, कॅलेंडर बघा. तिथी घ्या, तिला तीनने गुणा, चारने भागा. जे येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी, पुरी. खाडीच्या आत आत गेलात की भरती थोडी उशिरा पोचते, तेवढं धरून चाला. पुनव-अवसेला उधाण, पाणी लांब जातं आणि लांब येतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मेलेलं. निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे), चिंबोऱ्या धरायला सुकती पाहिजे. आमची आजी शाळेत गेली नव्हती, पण हा हिशोब बोटांवर करायची आणि तेवढ्या वेळात भातही शिजवून ठेवायची.

चिंबोरी अवसेच्या अंधारातली भरलेली, पुनवेची पोकळ, असं आमच्यात सगळे म्हणतात आणि भाव पण तसाच लावतात. लाखेची, म्हणजे अंड्यांनी भरलेली, मादी मिळाली तर खाणाऱ्याला आनंद, पण माझे सासरे ती परत सोडायचे. लाख खाल्ली तर पुढच्या साली काय खाशील, असं म्हणायचे.

आणि शहरातल्या माणसाने एकट्याने चिखलात उतरायचं नाही. मांडीपर्यंत जातो माणूस, मग वरून पाणी येतं. तिवरांची, म्हणजे खारफुटीची, मुळं तळव्यात घुसतात ती वेगळीच.

हिशोबनीस
आज एकादशी. ११ गुणिले ३, भागिले ४, म्हणजे सव्वाआठ. भरतीचं ॲप उघडून पाहिलं: ८ वाजून ३४ मिनिटं. बाय, साष्टांग नमस्कार. माझ्या फोनमधलं हे ॲप पैसे भरून घेतलेलं आहे.

साडेबाराटक्के
सकाळपासून वाचतोय, आता लिहितो. राग नाही, पण गोड पण लिहिणार नाही.

तुम्ही जे शोधताय ते आमच्या घणसोलीपासून बेलापूरपर्यंत प्रत्येक घरात होतं. पावसाळ्यात खारीत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात. बांध फुटू नये म्हणून सगळं गाव मिळून खारबंदिस्ती करायचं, उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पाणी आत-बाहेर. त्याच शेतात निवटी, चिंबोरी, कोळंबी, बोय. पलीकडे मिठागरं. तांदूळ, मासा आणि मीठ, तिन्ही एका आवाजाच्या अंतरावर. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी घेतल्या. १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक रस्त्यावर आले, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना झाली. त्याच जमिनीवर तुमच्या-आमच्या बिल्डिंगा आहेत. माझी पण आहे, भाडं मी पण घेतो, म्हणून साधू बनत नाही.

पण कोणी म्हणालं की मला मातीशी नातं जोडायचंय, की मला वाटतं, दादूस, ती माती तुझ्या पार्किंगखाली हाय. वहिनी जे "पोट भरलेल्या माणसाचं" म्हणतात ते मला पटतं. आमच्या आयांनी हे हौसेने केलं नाही. चिखलात कंबर मोडून केलं, आणि पोरांनी करू नये म्हणून शिकवलं.

नेरुळची_नलू
साडेबाराटक्के, तुमचं वाचून काही वेळ काहीच सुचलं नाही. पण मग काय करावं? हौस म्हणून करू नये म्हणता, तर शेवटी हे काम येणारा माणूसच उरणार नाही. माझ्या आजोळच्या शेतात आता रिसॉर्ट आहे. भातलावणीचे फोटो काढायला पैसे घेतात.

साडेबाराटक्के
करू नका नाही म्हणालो. शिकायचं तर ज्याला येतंय त्याच्याकडे जाऊन शिका, त्याचे पैसे द्या, आणि खाडीवर भराव पडायला लागला की बाल्कनीतून फोटो काढून थांबू नका, एवढंच. पाम बीचच्या बाजूला धारण तलाव आहेत ना, ओहोटीला पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपांचे, ते आमच्या उघाडीचंच काम करतात. ते बुजले तर तुमच्याच तळमजल्यात पाणी येणार.

खारफुटीप्रेमी
एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो. उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खारफुटी तोडणं, तिच्यात भराव टाकणं कोर्टाच्या परवानगीशिवाय बंद आहे, भोवतीचे ५० मीटरही त्यात धरलेत. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. म्हणजे "चला, कोयता घेऊन वाट काढू" असं चालत नाही. नवख्यांनी आधी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात जावं. लाकडी पुलावरून खारफुटी बघता येते, निवट्या चिखलावर उड्या मारताना दिसतात. पोरं तासभर हलत नाहीत.

पोटोबा
निवट्या बघून माझीच पोरं विचारतील, "बाबा, हे फ्राय करतात का?"

दिवाळ्याची_बाय
फ्राय नाही, कालवण. जिवंत असतानाच राख चोळायची, बुळबुळीतपणा निघतो. राख नसेल तर जाडं मीठ. झाकण दाबून धरा, उड्या मारतात. लसूण ठेचून तेलात, हळद, आगरी मसाला, आणि आता कैरी संपत आली असेल तर चिंच. खोबरं नको. भाकरी तांदळाची.

डोंबिवली_फास्ट_नाही
ठाण्याच्या धाग्यात घुसतोय, माफ करा. पहिल्या पावसात वलगणीचे मासे कोणी धरलेत का? आमचं मूळ गाव मुरबाडकडे. पहिला जोरदार पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यांनी वर शेतात चढतात. रात्री बॅटऱ्या घेऊन गाव निघतं. पाणी घोट्याएवढं, आणि त्यात मासे अक्षरशः पायांवरून जातात. त्या माशांची चव वर्षभरात दुसऱ्या कशाला नाही.

गळटाक्या
चव असणारच, ते अंड्यांवर असतात. अंडी घालायला वर जाणारा मासा वाटेत उचलायचा आणि मग "नदीत आता मासे राहिले नाहीत" म्हणायचं. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी आहे ती कशासाठी? ओढ्याला कायदा पोचत नाही म्हणून आपणच थांबायला हवं.

डोंबिवली_फास्ट_नाही
आमच्या आजोबांच्या वेळेपासून धरतात, तेव्हा मासे संपले नाहीत. संपले ते नदीवर बंधारे झाले, वाळू उपसली आणि शेतात तणनाशक आलं म्हणून. घरटी एक टोपली धरणाऱ्याला दोष देणं सोपं आहे.

गळटाक्या
तेव्हा घरटी एक टोपली होती. आता मुंबईहून गाड्या येतात, व्हिडिओ काढतात, पोतं भरून नेतात. दोन्ही खरं आहे. मी जात नाही, तुम्ही जा, पण पोटाने फुगलेली मादी सोडा.

दिवाळ्याची_बाय
गळटाक्या बरोबर बोलला. आमच्यात नारळी पुनवेपर्यंत बोट बाहेर काढत नाहीत, ते काय सरकारने सांगितलं म्हणून नाही. आता राज्य मासा म्हणून पापलेटला मान दिला २०२३ मध्ये, पण हाताच्या तळव्यात मावणारी पिल्लं बाजारात येतात तोवर मान कसला. घेणारा नाही म्हणाला तर धरणारा पण थांबेल.

येऊरची_येसर
शाकाहारी शरदकाका गप्प झाले म्हणून लिहिते. पावसाआधीची शेवळं, ती रानभाजी, कोणी खाल्ली का यंदा? जांभळी नाक्याला आदिवासी बायका घेऊन बसतात, फार थोडे दिवस. शेवळाबरोबर काकडं मागून घ्या, ती आंबट हिरवी फळं. त्याशिवाय केलंत तर घशाला खाज सुटून रात्रभर बसाल. तशीच नंतर टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. कृपा करून स्वतः येऊरला खुडायला जाऊ नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि विषारी काय ते तुम्हाला ओळखता येणार नाही. ज्या बाईने खुडलं तिच्याकडून घ्या, कसं करायचं तेही तीच सांगते, भाव न करता घेतलंत तर जास्त सांगते.

शुद्ध_शाकाहारी_शरद
गप्प नव्हतो, शेवळाची आमटी खात होतो. चण्याची डाळ घालून.

घोडबंदरी
इतकं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देत बसत नाही, ठरवलं ते सांगतो. खाडीत गळ टाकायचं सध्या रद्द, केमिस्टकाकांमुळे आणि चिखलामुळे. गळटाक्यांबरोबर तलावावर येतो, ठेकेदाराशी बोलून घ्या. भेंडी आणि माठ आज लावलाय, नलूताईंच्या पद्धतीने. साडेबाराटक्के, तुमचं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या माणसाला घरी जेवायला बोलव." खरंच या.

बाय, तुमच्याकडे मासे घ्यायला आलो तर ओळखायला शिकवाल का? बर्फातला आणि ताजा यातला फरकही मला नीट कळत नाही.

दिवाळ्याची_बाय
या. पण सोमवारी, गुरुवारी येऊ नका, धंदा नसतो. आता बंदी आहे तर लांबचा मासा नाही, खाडीतलं आणि सुकं मिळेल. कल्ले उचलून बघायचे, लाल पाहिजेत. डोळा वर आलेला पाहिजे, खोल गेलेला नको. पोट बोटाने दाबलं की परत वर आलं पाहिजे. चिंबोरी हातात घेऊन वजन बघायची, दिसायला मोठी आणि हाताला हलकी असेल तर ठेवून द्यायची. मी चुकीची उचलून देईन मुद्दाम, तुम्ही परत करायची. परत केलीत तर पास. घरी जाऊन साफ मात्र तुम्ही करायचं, वहिनींवर ढकलायचं नाही.

साडेबाराटक्के
येतो जेवायला. तांदूळ मी आणतो, पनवेलकडच्या भावाच्या शेतातला.

हिशोबनीस
तारीख टाका, भरतीची वेळ मी काढून देतो. आता येतं मला.

वर्तकनगरकर
नलूताई, एक विचारायचं राहिलं. पाऊस सुरू झाला की रसवंत्या बंद. चिपाडं आता कुठून आणू?

नेरुळची_नलू
शहाळीवाल्याकडे जा. रिकामी शहाळी उन्हात सुकवून, काथ्या ओढून पिशवीत भरायचा. फक्त सुकत ठेवताना तोंड खाली करून ठेवा, नाहीतर पाणी साचून डास होतील आणि महापालिकेचे लोक औषध फवारायला आधी तुमच्याच गच्चीवर येतील.

वर्तकनगरकर
काथ्या माकडं नेणार नाहीत ना?

पोटोबा
नेतील. गादी करतील.